एक्स-रे 'चांगला' आला, तरी मनगट दुखतंय?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं एखादं मराठी घर. पावसाळ्याचे दिवस, शेवाळलेलं अंगण. पाणी भरताना गृहिणीचा पाय घसरतो आणि तोल सावरायला ती जमिनीवर तळहात टेकते. संध्याकाळपर्यंत मनगट सुजतं. एक्स-रे काढला, तर त्यात काहीच दिसत नाही. 'नुसता मुरगळलाय' म्हणून हळदीचा लेप लागतो आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पोळपाट-लाटणं सुरू!

गफलत होते ती इथेच. मनगटात अंगठ्याच्या बाजूला नावेच्या आकाराचं एक लहानसं हाड असतं. राँटगेन यांनी १८९५ साली पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, तेव्हापासून एक्स-रे दाखवतो ती हाडाची सावलीच. या हाडाची केसासारखी चीर तिच्यात बरेचदा उमटत नाही. अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो. तिथे दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडलंय असं धरूनच डॉक्टर हात प्लास्टरमध्ये ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. तोवर चिरेच्या कडा थोड्या विरघळतात आणि रेघ दिसू लागते. म्हणजे हा दुसरा एक्स-रे काही पैसे उकळण्यासाठी नसतो! या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः एकाच टोकाकडून होतो. हयगय झाली, तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं अधू होऊ शकतं.

एमआरआयमध्ये अशी चीर लगेच कळते. रायपुरात १९६३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि २०१२ साली टाटीबंधला एम्स आलं, त्यामुळे हाडांच्या डॉक्टरसाठी आता नागपूर गाठायची गरज उरलेली नाही.

न्हाणीघरात पडलेल्या आजींचंही असंच. एक्स-रे निर्दोष असला, तरी जांघेत दुखतंय, पाय टेकवत नाही असं त्या म्हणत असतील, तर त्यांना चालायचा आग्रह करू नका. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं.

मालिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नये. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या आणि बोटं काळीनिळी, थंडगार पडली, तर हात गमवायची वेळ येते. त्यापेक्षा घडी घातलेल्या वर्तमानपत्रांचा आधार देऊन गमछाने हात गळ्यात अडकवा आणि दवाखाना गाठा. जाताना पहिली फिल्मही सोबत घ्या. ती बहुधा कपाटावर, कॅलेंडराच्या गुंडाळीत असते.