किती इंचाचा टीव्ही? वर्गासाठी आणि घरासाठी



दिवाळीच्या आधीच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. सभा संपते, चहा होतो आणि कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, घरी टीव्ही घ्यायचाय, पोरांच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल असा. किती इंचाचा घेऊ?" यंदा हा प्रश्न दोनदा आला. एकदा पालकांकडून आणि एकदा शाळा व्यवस्थापन समितीकडून, कारण वर्गासाठीही टीव्ही घ्यायचा आहे. पैसे लोकवर्गणीचे आहेत. कुणी पाचशे दिले, कुणी कांद्याची पट्टी आल्यावर देतो म्हणाले. अशा पैशात चूक करायची सोय नसते.

आणि चूक आमच्या हातून आधी एकदा झालेली आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात ३२ इंची टीव्ही बसवला. स्वस्तात मिळाला म्हणून सगळे खूश. महिन्याभराने वह्या तपासताना लक्षात आलं, की मागच्या रांगेतली दोन मुलं "घर" ऐवजी "धर" आणि "भात" ऐवजी "मात" लिहितायत. मला वाटलं अक्षरओळख कच्ची राहिली. मग एका मुलाला पुढे बसवलं तर त्याने तेच शब्द बरोबर लिहिले! अक्षर येत होतं, दिसत नव्हतं. घ-ध, भ-म, ब-व या जोड्यांमधला फरक एका गाठीचा किंवा एका रेघेचा असतो, आणि लांबून आधी तोच पुसला जातो.

म्हणून या वेळी दुकानात जाण्याआधी वर्गात मोजपट्टी घेऊन बसलो. सातवी-आठवीची मुलं असतील तर हा हिशोब त्यांनाच करायला द्या, गणिताचा एक छान तास होतो.

टीव्हीचे इंच म्हणजे त्याची रुंदी नव्हे, कर्ण. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. आजचे टीव्ही १६:९ या प्रमाणात असतात. १६ चा वर्ग अधिक ९ चा वर्ग म्हणजे ३३७, त्याचं वर्गमूळ साधारण १८.३६. आता ४३ ला १८.३६ ने भागा आणि १६ ने गुणा, रुंदी येते साडेसदतीस इंच. ९ ने गुणा, उंची येते २१ इंच. सेंटिमीटरमध्ये ९५ बाय साडेत्रेपन्न. तोच हिशोब ३२ इंचीचा केला तर ७१ बाय ४०. ३२ वरून ४३ म्हणजे फक्त अकरा इंच वाढले असं वाटतं, पण क्षेत्रफळ १.८ पट होतं. जवळजवळ दुप्पट चित्र! पायथागोरस परीक्षेपुरता नाही, हे मुलांना पटवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता किती लांबून दिसेल? सभागृहात आणि वर्गात पडदे बसवणारे लोक एक सोपा अंदाज वापरतात: वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा. नुसता सिनेमा बघायचा असेल तर आठपट चालतं. या हिशोबाने ३२ इंची टीव्ही आठ फुटांपर्यंत, ४३ इंची साडेदहा फुटांपर्यंत, ५० इंची सव्वाबारा फुटांपर्यंत आणि ५५ इंची साडेतेरा फुटांपर्यंत वाचता येतो. आमच्या वर्गात शेवटची रांग भिंतीपासून अठरा फुटांवर आहे. म्हणजे ५५ इंचीसुद्धा पुरत नाही! आणि तेवढं तर आपलं बजेटही नाही.

इथे दोन रस्ते होते. एक, आणखी वर्गणी काढायची. दुसरा, मुलांनाच जवळ आणायचं. आम्ही दुसरा धरला. टीव्हीच्या तासाला बाकं मागे सरकवायची आणि सतरंजीवर अर्धवर्तुळात बसायचं. चोवीस मुलं साडेदहा फुटांत सहज मावतात. जिथे पट मोठा आहे आणि बाकं हलत नाहीत, तिथे ४३ इंची टीव्हीवर वाचन घेऊच नका. चित्रं, प्रयोग, नकाशे दाखवा आणि शब्द फळ्यावर लिहा. खडूने पाच सेंटिमीटरचं अक्षर काढता येतं आणि त्याला वीजही लागत नाही.

दुसरी गोष्ट अक्षराच्या आकाराची. वाचनासाठी अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी तरी हवी, असा ढोबळ अंदाज आहे. आपण बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ सरळ टीव्हीवर लावतो. समजा पान २५ सेंटिमीटर उंच आणि १९ रुंद आहे, अक्षर चार मिलिमीटरचं आहे. अख्खं पान ४३ इंची पडद्यावर बसवलं की अक्षर होतं साडेआठ मिलिमीटरचं. दोनशेने गुणा, पावणेदोन मीटर. म्हणजे पहिली रांग वाचते आणि बाकीची पहिल्या रांगेमागून म्हणते. तेच पान पडद्याच्या पूर्ण रुंदीला लावलं तर अक्षर दोन सेंटिमीटरचं होतं आणि चार मीटरवरून, म्हणजे तेरा फुटांवरून वाचता येतं. पान तीनदा खाली सरकवावं लागतं, पण बिघडलं कुठे? पैसा खर्च न करता टीव्ही दुप्पट मोठा झाला की!

आता दुकानातले शब्द. एम. जी. रोडला जा नाहीतर कॉलेज रोडला, पहिलं वाक्य ठरलेलं: "हा फोर के आहे, मॅडम." फोर के म्हणजे आडवे ३८४० ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२०, आणि एचडी रेडी म्हणजे साधारण १३६६. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, फोर केचा पाव मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटर एवढं बारीक वेगळं दिसतं, तीन मीटरवरून सुमारे ०.९. म्हणजे पावणेदोन मीटरच्या पलीकडे बसलं की फुल एचडी आणि फोर के यांतला फरक डोळ्याला कळतच नाही. शिवाय फ्री डिशवरचे बरेचसे चॅनेल साध्या दर्जाचे असतात, ते फोर के पडद्यावर फोर के होत नाहीत. ४३ इंचात आता फोर केच जास्त मिळतात, त्याच किमतीत मिळाला तर नको म्हणू नका. पण फक्त तेवढ्यासाठी तीन-चार हजार जास्त देऊ नका. मात्र ४३ इंचात एचडी रेडी कुणी स्वस्तात देत असेल तर टाळा. तिथे ठिपका ०.७ मिलिमीटरचा होतो आणि जवळ बसलेल्या मुलांना वेलांट्या कातरलेल्या दिसतात. ३२ इंचाला एचडी रेडी चालून जातं, कारण तिथेही ठिपका अर्ध्या मिलिमीटरचाच आहे.

वर्गासाठी त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाजूने कसं दिसतं. पडद्याचे दोन प्रकार जास्त चालतात, आयपीएस आणि व्हीए. व्हीएमध्ये काळा रंग छान काळा दिसतो, रात्री दिवा मालवून सिनेमा बघणाऱ्यांना आवडेल. पण बाजूला सरकलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं उलट. अर्धवर्तुळात बसलेल्या मुलांसाठी आयपीएस बरा. दुकानदाराला प्रकार माहीत नसेल तर विचारत बसू नका, टीव्हीच्या अगदी कडेला जाऊन उभे राहा आणि बघा. आपलं आपल्याला कळतं.

दुकानात टीव्हीवर नेहमी मोर, समुद्र आणि फळांच्या फोडी चालू असतात. भडक रंग, पूर्ण उजेड. त्या चित्रावर कुठलाही टीव्ही सुंदरच दिसणार. आपला पेनड्राइव्ह न्या. त्यात एक पाठ्यपुस्तकाचं पान चित्र म्हणून, एक शिकवण्याचा व्हिडिओ आणि एक मराठी नावाची फाइल ठेवा. काही टीव्हींवर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात, मग पन्नास फायलींतून "कविता ३" शोधायची कशी? रंगाची सेटिंग "स्टँडर्ड" करायला सांगा आणि साडेदहा फूट मागे जाऊन पान वाचा. दुकानदार हसेल, हसू द्या. तो पैसा आपल्या गावाचा आहे.

स्मार्ट टीव्हीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. स्वस्त स्मार्ट टीव्हीत एक जीबीच रॅम असेल तर तो पहिल्या वर्षी बरा चालतो, पुढे ॲप जड होत जातात आणि यूट्यूब उघडेपर्यंत मुलांचं लक्ष खिडकीबाहेर जातं. पडदा आठ-दहा वर्षं टिकू शकतो, आतला संगणक तितका टिकत नाही. म्हणून पडदा चांगला बघा आणि दोन तरी एचडीएमआय जागा आहेत ना ते बघा. पुढे लॅपटॉप किंवा छोटी स्टिक जोडता येते. ज्या पाड्यांवर नेटवर्कच नाही तिथे तर स्मार्टपणाचा उपयोग शून्य, तिथे यूएसबी आणि फ्री डिश हीच खरी साधनं. २०२० च्या जुलैत शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" सुरू झाली, ती बघायला इंटरनेट लागत नव्हतं, हे विसरू नका. पीएम ई-विद्याच्या वाहिन्याही फ्री डिशवर आहेत.

आवाजाकडे कुणी बघत नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. घरी चालतं. पण पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या आपल्या पावसाच्या तालुक्यांत पत्र्याच्या छपराखाली जुलैमध्ये शिकवून बघा! बाहेरचा स्पीकर जोडायला जागा आहे का, ते आधी विचारा आणि बजेटमधले हजार-दीड हजार त्यासाठी बाजूला ठेवा.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ३२ इंच आणि त्याखालच्यांवर तो आधीच १८ होता, त्यामुळे लहान आणि मध्यम टीव्हीतलं अंतर कमी झालं आहे. पण "टीव्ही दहा टक्के स्वस्त" हे खरं नाही. मूळ किंमत २०,००० धरा. आधी २५,६०० पडत होते, आता २३,६००. वाचले २,०००, म्हणजे २५,६०० च्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. हे उदाहरण शेकडेवारीच्या धड्याला जोडून घ्या, पालकसभेतही उपयोगी पडेल.

पालकांसाठी एक सूचना: बिनव्याजी हप्ता घेताना प्रोसेसिंग फी किती आणि रोख दिले तर किती कमी होतात, हे दोन आकडे कागदावर मागा. बऱ्याचदा व्याज त्या न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. घरात सोफ्यापासून भिंत सात-आठ फुटांवर असेल आणि मूल टीव्हीवर वाचणार असेल तर ४३ पुरेसा आहे. शेजाऱ्याने ५५ घेतला म्हणून आपण घ्यायचा नाही. खोली दहा बाय दहाची आणि बघणारे दोघं-तिघं असतील तर ३२ नेही भागतं, उरलेल्या पैशात मुलाला टेबल-खुर्ची येईल.

बिल शाळेच्या नावाने घ्यायचं असेल तर वॉरंटीचा कागद दुकानातच वाचा. काही कंपन्यांची वॉरंटी घरगुती वापरापुरतीच असते. सर्व्हिस देणारा माणूस तालुक्याला येतो की टीव्ही नाशिकला न्यावा लागतो, हेही विचारा. पडदा फुटला तर दुरुस्ती जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीला जाते, म्हणून वाहतुकीत तो आडवा झोपवून आणू नका, उभाच आणा. मागच्या बाजूला भारतीय मानक ब्युरोची खूण आणि "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ८० वॅटचा टीव्ही रोज चार तास, महिन्याला पंचवीस दिवस चालला तर आठ युनिट होतात. शाळेच्या वीजबिलाचं रडगाणं आपल्याला माहीत आहे, पण त्यातला टीव्हीचा वाटा एवढाच.

बसवताना तो फळ्याच्या वर चढवू नका. खाली बसलेल्या मुलाची मान दुखते आणि तिरक्या नजरेने अक्षर आणखी बारीक दिसतं. खिडकीच्या समोरची भिंतही नको, दुपारी पडद्यात बाहेरचं झाडच दिसेल. आम्ही तो बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून तीन फुटांवर, कुलूप लागणाऱ्या लाकडी कपाटात बसवणार आहोत. सुट्टीत शाळा महिनाभर बंद असते, त्यामुळे कुलूप हवंच. वळवाच्या विजा सुरू झाल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि डिशची वायरही मागून काढून ठेवा. हे काम आम्ही आळीपाळीने दोन मुलांकडे देणार आहोत, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि आभाळ भरून यायच्या आधी.

टीव्ही अजून आलेला नाही. पण काल मुलांनी त्या भिंतीपासून साडेदहा फुटांवर जमिनीवर खडूने एक कमान काढून ठेवली आहे. तिच्या आत सतरंजी घालून बघितली. चोवीसच्या चोवीस मुलं मावली, एकाचा फक्त पाय बाहेर राहिला.