आळस नव्हे, अवटु ग्रंथीचें दुखणें

भीमाकांठच्या आमच्या वडगांव रासाईंत मार्गशीर्षांतील थंडी कांहीं असह्य नसते. पण घरांतील सर्व मंडळी अंगणांत कोवळें ऊन खात असतांना आमच्या धाकट्या सूनबाई भर दुपारींही शाल पांघरून बसूं लागल्या, तेव्हां आमच्या मनांत काळजी आली नाहीं; रोष आला. त्यांचे केस गळत, त्वचा कोरडी पडली, आवाज जड झाला, पोट साफ होईना, आणि चार घांस कमी खाऊनही अंग भरत चाललें. "हल्लींच्या मुलींना कष्ट नकोत," असें पस्तीस वर्षें मुलांस शिकविण्यांत घालविलेल्या आम्हींच म्हटलें. पुढें शिरूरास रक्त तपासलें, तेव्हां तो आळस नव्हता असें कळलें. त्या वाक्याची आम्हांस लाज वाटते, म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

गळ्याच्या पुढील भागीं फुलपांखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. तिला अवटु ग्रंथि अथवा थायरॉइड म्हणतात. तिचा रस रक्तांत मिसळून सर्व शरीराची गति ठरवितो. तो कमी पडला कीं नाडी, पचन, ऊब आणि मनाचा उत्साह हीं सारींच मंदावतात. कित्येकांच्या बाबतींत शरीराचें रक्षक दलच या ग्रंथीस शत्रु समजून तिला हळूहळू झिजवितें. १९१२ सालीं हाकारू हाशिमोतो या जपानी वैद्यानें चार स्त्रियांच्या ग्रंथि तपासून या विकाराचें वर्णन केलें, म्हणून त्याचेंच नांव त्यास मिळालें. हा घरचाच हल्ला आहे हें मात्र १९५६ मध्यें उमगलें. पुरुषांपेक्षां स्त्रियांना हा विकार कितीतरी पटींनीं अधिक होतो.

यावर उपाय काय? १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका रोगी बाईस टोंचला, आणि ती पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. आज तोच रस शुद्ध स्वरूपांत लहानशा गोळींतून मिळतो. झिजलेल्या ग्रंथीचें काम आहारानें भरून निघत नाहीं, हें आम्ही फार महाग पडून शिकलों. तीन महिन्यांत सूनबाईंना बरें वाटूं लागतांच एका पाहुण्यानें गोळी सोडून धन्याचें पाणी घेण्याचा सल्ला दिला, आणि आम्हींही मान डोलावली. दोन महिन्यांत सारीं लक्षणें परत आलीं.

मग आहाराचें कामच काय? गोळी अंगीं लागेल कीं नाहीं, हें पुष्कळसें आहारावर ठरतें. आमच्या घरीं गोळी दुधाच्या चहाबरोबर घेतली जात होती. त्यामुळें औषधाचा कांहीं भाग वायां जाई. ती उठल्याबरोबर, अनशापोटीं, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासानें करावी. लोहाच्या व चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि या गोळींत चार तासांचें अंतर ठेवावें. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं टी.एस.एच.ची तपासणी करावी. मनानें मात्रा कमीजास्त करूं नये. दिवस राहिल्याचें कळतांच डॉक्टरांस सांगावें, कारण तेव्हां औषधाची गरज वाढते आणि आरंभींचे महिने गर्भ आईच्याच रसावर अवलंबून असतो.

आतां भाकरीविषयीं. बाजरींत या ग्रंथीस अडथळा करणारीं द्रव्यें आहेत, हें खरें. परंतु आयोडीनचा तुटवडा असून बाजरी हेंच मुख्य अन्न असेल, तेथें त्यांचा उपद्रव होतो. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरीं बाजरीची भाकरी वा शिजविलेली कोबी वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. उपवासाच्या सैंधवांत मात्र आयोडीन बहुधा नसतें; म्हणून तें रोजच्या स्वयंपाकांत योजूं नये. उलट समुद्रशेवाळाच्या गोळ्या वगैरे घेऊन आयोडीन वाढविल्यानें हा विकार बिघडूं शकतो. गहूं सोडावा, असेंही कोणी सांगतात; पण गव्हाचा खरोखर त्रास असल्याचें तपासणींत दिसल्यावांचून तो सोडूं नये. वरणभात, भाज्या, ताक, रोजचें चालणें आणि पुरेशी झोप हीं गोळीचीं सोबती आहेत. तिचे पर्याय नव्हेत.

हरतालिकेच्या आदल्या रात्रीं सूनबाईंनीं भीत भीत विचारलें, "मामंजी, सकाळच्या गोळीनें निर्जळी मोडेल का हो?" महाभारताच्या उद्योगपर्वांत, व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी आहे आणि औषधही आहे. आम्हीं तसें त्यांस सांगितलें. हें वचन आम्हांस विद्यार्थिदशेपासून पाठ होतें. घरांतील दुखणाईत माणसाच्या उपयोगीं तें प्रथमच पडलें.

एकत्र कुटुंबांत जी सर्वांआधीं उठते, तिचें दुखणें सर्वांनंतर दिसतें. वाचकांच्या घरीं कोणी स्त्री अशी थकलेली, थंडीनें आंखडलेली दिसली, तर तिला बोल लावण्यापूर्वीं तिचें रक्त तपासून घ्यावें. आमच्या येथें हल्लीं सूनबाई उठून गोळी घेतात आणि पहिला चहा आम्ही टाकतों. तो होऊन कपांत येईपर्यंत अर्धा तास सहज जातो. आम्हांस चूल पेटवावयास तेवढा वेळ लागतोच.