कोर्लईच्या चर्चमध्ये ऐकलेलं पावसाचं स्तोत्र

आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवतो. पण शेवटी गाडी शेतावरच येणार आहे, तेव्हा पान उलटू नका.

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात उजव्या हाताला समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड आणि तिच्यावर कोर्लईचा किल्ला दिसतो. या गावात मी एकदा जुलै महिन्यात सभा ठेवली होती. विषय होता खारजमिनीतल्या पनवेल भातजाती आणि लावणीनंतरच्या खताच्या मात्रा. लावणीच्या दिवसांत माणसं शेतात असतात, म्हणून मी शहाणपणाने रविवार निवडला, वेळ सकाळची. गेलो तर सभेला दोनच माणसं. त्यातला एक म्हणाला, "साहेब, रविवारी सकाळी अर्धं गाव चर्चला असतं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. चूक माझीच.

पाऊस सुरू होता. मी छत्री घेऊन चर्चच्या बाहेर पागोळीखाली उभा राहिलो. आत गाणं चाललं होतं. एक आवाज ओळ म्हणायचा आणि मग सगळे मिळून एकच ध्रुपद झेलायचे. मला आधी वाटलं भजन आहे. मग शब्द कानावर पडले आणि मी नीट ऐकू लागलो. नांगराच्या तासांत पाणी मुरतं, ढेकळं विरून सपाट होतात, सरींनी जमीन मऊ होते, खोरी धान्याने भरतात, असं ते वर्णन. मनात म्हटलं, हे रचणारा माणूस नक्की बांधावर उभा राहिलेला असणार. ढेकूळ विरण्याचं महत्त्व घरात बसून कळत नाही.

ते बायबलातलं ६५ वं स्तोत्र होतं. बायबलात एकूण १५० स्तोत्रं आहेत, त्या भागाला मराठीत स्तोत्रसंहिता म्हणतात. ती मुळात हिब्रू भाषेतली आणि गाण्यासाठीच रचलेली. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असतं. त्यात जुलैतल्या एका रविवारी हे स्तोत्र आणि त्याच दिवशी येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट येते. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत, तीच ती गोष्ट. म्हणजे मी बाहेर बियाण्याचा कागद घेऊन उभा, आणि आत त्याच विषयावर माझ्याहून चांगली सभा चाललेली!

आता ही स्तोत्रं गातात कशी ते सांगतो. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, तेव्हा वाचणारा एकाच सुरावर ओळ पुढे नेतो आणि शेवटी सूर खाली सोडतो. युरोपातल्या मठांतलं जुनं लॅटिन स्तोत्रगायनही जवळजवळ असंच. ताल नाही, वाद्य नाही, शब्दाच्या वजनानेच सूर चालायचा. मठातले साधू समोरासमोर दोन रांगांत उभे राहून आळीपाळीने चरण म्हणत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे आठवड्यात १५० स्तोत्रं पुरी व्हायची. आपल्या भजनात समोरासमोर दोन रांगा असतात, एकीने म्हणायचं नि दुसरीने झेलायचं, त्याच्याशी हे ताडून बघा. स्तोत्राची ओळही बहुधा दोन तुकड्यांची असते. पहिल्यात जे सांगितलं तेच दुसऱ्यात वेगळ्या शब्दांनी येतं. जात्यावर बसणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक स्तोत्र शेतकऱ्याचं आहे, १२६ वं. त्यात रडत बी पेरायला जाणारा माणूस येतो आणि तोच पुढे आनंदाने पेंढ्यांचे भारे घेऊन घरी परततो. पेरताना माणूस का रडेल? मला विचाराल तर याचं उत्तर आपल्या आजोबांना माहीत होतं. पाऊस लांबला, घरातलं धान्य संपत आलं, आणि मुड्यात बांधून ठेवलेलं बियाणं तेवढं शिल्लक राहिलं. मुलांच्या पोटात घालायचं की मातीत? मातीत टाकणाऱ्याचा हात जड होणारच. कोळी बांधवांसाठी १०७ वं स्तोत्र आहे. वादळात सापडलेल्या गलबतावरची माणसं झिंगल्यासारखी झोकांड्या खातात आणि मग समुद्र शांत होतो, असा प्रसंग त्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर हे कोणाला परकं वाटेल?

परकं नाहीच. हीच स्तोत्रं आपल्या जिल्ह्यात हिब्रूतही गायली जातात, हे अनेकांना ठाऊक नसतं. रेवदंडा आणि अलिबागला बेने इस्रायली ज्यू लोकांची प्रार्थनामंदिरं आहेत. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी बैल न जुंपणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, थोडी घरं राहिली. मराठी कीर्तनाचा बाज घेऊन त्यांनीही बायबलातल्या कथांची कीर्तनं केली. खाडीच्या अल्याड तेच स्तोत्र हिब्रूत, पल्याड मराठीत.

कोर्लईत मात्र ते मराठीत कधीपासून, हा खरा प्रश्न. पोर्तुगीज चौल-रेवदंड्यात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये ही सगळी ठाणी मराठ्यांकडे आली. राज्य गेलं, पण खालच्या ख्रिस्ती वस्तीची भाषा राहिली. पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळण यांची ती मिसळ. गावकरी तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी अभ्यासकाने तिच्यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. आपण हसायचं कारण नाही. हापूस, पायरी, काजू, अननस, बटाटा, घमेलं, चावी हे आपल्या तोंडातले शब्द त्याच पोर्तुगीज वाटेने आले.

१९६० च्या दशकापर्यंत कोर्लईच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये आणि इतर प्रार्थना पोर्तुगीजमध्ये असे. १९६३ मध्ये रोमच्या धर्मसभेने लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली, आणि त्या दशकात इथे मराठी आली. माझ्या मते हे चांगलंच झालं. ढेकळं विरतात ही ओळ लॅटिनमध्ये गायली असती तर माझ्याच काय, गाणाऱ्यांच्याही डोक्यावरून गेली असती. मराठीत हे नवीनही नव्हतं. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं, सुमारे ११,००० ओव्यांचं, आणि चर्चमध्ये ते वाचलं जाई. पुढे आपल्याच कोकणातल्या, दापोली तालुक्यातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-ओवीची चाल दिली. विलायती चालीवर मराठी शब्द बसवले तर ते अवघडतात. दुसऱ्याच्या मापाचं जोखड आपल्या बैलाच्या मानेवर घालून कसं चालेल?

पण एक पीक आलं की दुसरं मागे पडतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मिस्सा संपल्यावर लोक बाहेर पडले, पाऊस थांबेना, मी एका ओटीवर टेकलो. तिथल्या आजींना विचारलं, जुन्या भाषेतली चर्चची गाणी येतात का? त्यांनी आधी नाही म्हटलं. मग चहा ठेवता ठेवता दोन ओळी म्हटल्या, हळू, सूर खाली सोडत. तिसऱ्या ओळीला थांबल्या. "पुढचं बहिणीला यायचं," म्हणाल्या. बहीण चार वर्षांपूर्वी गेली होती.

मला आमच्या खात्यातली एक गोष्ट आठवली. सुधारित बियाणं घरोघर पोहोचवताना जुन्या भातजातींचा मूठभर नमुना ठेवावा, हे फार उशिरा सुचलं. सुधारित जात चुकीची होती असं नव्हे, उत्पन्न वाढलंच. पण खाऱ्या पाण्यात तग धरणारे जुने वाण पुन्हा शोधायला गेलो तेव्हा काही ठिकाणी फक्त नाव सांगणारी माणसं उरली होती.

म्हणून ग्रामसेवक, शिक्षक आणि सरपंच मंडळींना विनंती आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला, आणि ग्रामपंचायतीने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. त्यात वाण, झाडपाला आणि पारंपरिक माहिती लिहिली जाते. ती लिहायला म्हाताऱ्या माणसांकडे जाल तेव्हा गाणंही विचारा. नोंदवहीत गाण्याचा रकाना नसेल, तर शाळेच्या वहीत लिहा. खिशात फोन असतोच. गाणाऱ्याची परवानगी घ्या, गाणं कोणत्या सणाचं, कोणाकडून शिकलं, एवढं तरी गाण्याआधी बोलून घ्या. सूर चुकला तरी थांबवू नका. आणि हे फक्त कोर्लईपुरतं नाही. रेवदंड्याच्या घाण्यावरची, मुरुडच्या होडीवरची, तुमच्या वाडीतल्या जात्यावरची, सगळीच गाणी याच रांगेत उभी आहेत.

गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. भाताची पहिली कणसं कापून, आशीर्वाद घेऊन ती चर्चमध्ये नेतात. आपल्याकडे नवं दाराला बांधतात तसंच. कोर्लईचं चर्च कार्मेल मातेचं, तिचा सण १६ जुलैला, ऐन लावणीत.

त्या दिवशी आजींच्या नातवाने फोन काढला आणि त्या दोन ओळी टिपून घेतल्या. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी आतून ओरडून सांगितलं की तिसरी ओळ तिला अर्धी येते. माझी सभा पुढच्या गुरुवारी संध्याकाळी झाली. चांगली चाळीस माणसं होती.