निंबोळीचें सत्त्व आणि त्याची जपणूक

वर्षप्रतिपदेच्या दिवशीं कडुनिंबाचीं कोंवळीं पानें चाखण्याचा परिपाठ महाराष्ट्रांत घरोघर आहे. धान्याच्या कणगींत निंबाचा पाला घालण्याची चालहि जुनीच. पिकावरील किडीस आळा घालण्यासाठीं निंबोळीचा अर्क फवारावा, अशी शिफारस आतां कृषिविद्यापीठेंहि करितात. असें असतां 'निंबोळी फवारली, पण गुण आला नाहीं' ही तक्रार पुष्कळ शेतकर्‍यांच्या तोंडून ऐकूं येते. खर्च झालेला असतो, दोन-चार मोलाचे दिवस निघून गेलेले असतात आणि तेवढ्यांत अळी पिकांत शिरलेली असते. अशा वेळीं निंबाला बोल लावण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें अगत्याचें आहे: फवारलेल्या द्रावांत निंबाचें सत्त्व शिल्लक होतें काय?

निंबाच्या गुणाचा शास्त्रीय प्रत्यय १९६२ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत आला. तेथील कीटकशास्त्रज्ञ डॉ. प्रधान व त्यांचे सहकारी यांनीं मगजाचें पाणी शिंपडलेल्या पिकांवर टोळ बसले, परंतु त्यांनीं तीं पिकें खाल्लीं नाहींत. पुढें १९६८ सालीं बटरवर्थ व मॉर्गन या इंग्लंडांतील संशोधकांनीं बियांतील मुख्य द्रव्य वेगळें काढिलें. त्याचें नांव अझाडिरॅक्टिन. हें द्रव्य किडीस तत्काळ मारीत नाहीं. तें तिची अन्नावरील वासना उडवितें, आणि कात टाकण्याच्या क्रियेंत बिघाड करून तिची वाढ खुंटवितें. निंबोळीच्या मगजाच्या एक हजार भागांत तें साधारणपणें दोन ते सहा भाग असतें. पानांत त्याहून पुष्कळच कमी.

या द्रव्याचा रेणु मोठा व विलक्षण गुंतागुंतीचा आहे. केंब्रिज येथील स्टीव्हन ले व त्यांच्या सहकार्‍यांस तो प्रयोगशाळेंत घडविण्यास बावीस वर्षें लागलीं. २००७ सालीं तें कार्य सिद्धीस गेलें. परंतु जें घडविण्यास इतका काळ लागला, तें मोडण्यास फारसा लागत नाहीं. ऊन, उष्णता, ओल आणि क्षार हे त्याचे चार वैरी होत. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण त्याची रचना पालटवितात. उष्णतेनें ही मोडतोड वेगानें होते. पाण्यांत तें हळूहळू विघटित होतें, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर फारच त्वरेनें. किंचित् आंबट द्रावांत मात्र तें बरेंच टिकतें. आम्लता मोजण्याच्या पी.एच्. या मापावर ४ ते ६ हा टप्पा त्यास मानवतो.

या वैर्‍यांशीं गांठ पडते ती झाडाखालींच. महाराष्ट्रांत निंबोळ्या पिकतात त्या सुमारास पावसाळा सुरू होतो. भिजलेल्या मातींत पडून राहिलेल्या निंबोळ्यांस बुरशी धरते, आणि मगज काळा पडतो. यास्तव पिवळ्या झालेल्या निंबोळ्या लगोलग गोळा करून त्याच दिवशीं पाण्यांत चोळून वरचा गर काढून टाकावा, बिया स्वच्छ धुवाव्या, आणि सावलींत, वारा खेळेल अशा जागीं पातळ थरानें पसरून वाळवाव्या. बीं हालविलें असतां आंतील मगज खुळखुळूं लागला म्हणजे तें चांगलें वाळलें असें समजावें. फोडून पाहिल्यास मगज हिरवट दिसला पाहिजे.

वाळलेलें बीं गोणपाटाच्या पोत्यांत, कोरड्या व थंड जागीं, जमिनीपासून उंचावर ठेवावें. प्लॅस्टिकच्या बंद पिशवींत राहिलेली ओल कोंडते व बुरशीस आमंत्रण मिळतें. अखंड बीं हें सत्त्वाचें उत्तम कोठार आहे. कवच फोडून भुकटी केली कीं वारा व उजेड यांचा संपर्क वाढतो. म्हणून वर्षाची भुकटी एकदम करून ठेवणें घातक आहे. लागेल तेवढीच, लागेल तेव्हां कुटावी.

अर्काची प्रचलित रीत अशी: ५ किलो भुकटी ९ लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी, सकाळीं फडक्यांतून गाळावी, १ लिटर पाण्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यांत मिसळावा, आणि एकूण द्राव १०० लिटर करावा. येथें कित्येकांची चूक होते ती अशी कीं, औषधी काढ्याच्या धर्तीवर भुकटी उकळली म्हणजे अर्क अधिक कडक होईल, असें त्यांस वाटतें. कडवटपणा उरतो खरा, पण सत्त्वाचा बराच भाग आंचेवरच नष्ट होतो. साबणामुळें द्राव पानांवर नीट पसरतो. तथापि साबण क्षारधर्मी असल्यानें तो आदल्या रात्रीं न घालतां फवारणीच्या वेळींच घालावा. विहिरीचें पाणी मचूळ असल्यास भिजत घालण्यापूर्वीं त्यांत थोडें लिंबूसत्त्व टाकून तें किंचित् आंबट करून घ्यावें. तयार अर्क त्याच दिवशीं संपवावा.

बाजारांत मिळणार्‍या बाटलीलाहि हेच नियम लागू आहेत. कारखानदार सत्त्व शक्य तों निर्जल द्रावकांत ठेवितात व बाटली अपारदर्शक घेतात. परंतु तीच बाटली दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखालीं उन्हाळाभर पडून राहिली, तर त्या काळजीचा उपयोग काय? घेतांना तारीख पाहावी, घरीं सावलींत ठेवावी, आणि फवारणी दिवस कलतां करावी, म्हणजे निदान एक रात्र तरी सत्त्वास उन्हापासून अभय मिळतें.

इतकी नाजूक वस्तु हवी कशाला, असें कोणी म्हणेल. पायरेथ्रम नांवाच्या शेवंतीवर्गीय फुलांतील कीटकनाशकहि असेंच उन्हांत नासणारें. त्याच्या धर्तीवर उन्हांत टिकणारें पर्मेथ्रिन हें द्रव्य इंग्लंडांत मायकेल एलियट यांच्या मंडळीनें बनविलें व १९७३ सालीं प्रसिद्ध केलें. तें शेतांत टिकूं लागलें, पण ओढ्यांत उतरलें तर माशांस अत्यंत घातक ठरलें. निंबोळीचें सत्त्व थोड्याच दिवसांत पानावरून नाहींसें होतें, म्हणूनच भाजी निर्धास्तपणें ताटांत येते. नासणें हा त्याचा गुणच आहे. मात्र तें नासावें पिकावर आपलें काम केल्यानंतर, पोत्यांत किंवा चुलीवर नव्हे. तोंवर त्यास जपणें हें शेतकर्‍याच्या हातीं आहे, आणि त्यास सावली, कोरडेपणा व थोडी तत्परता यांवांचून दुसरें भांडवल लागत नाहीं.