परसबागेचें सुख

चैत्र सरून वैशाखाचें ऊन अंगणांत उतरलें, म्हणजे आपल्या घरांतून उन्हाळ्याविषयीं कुरकुर सुरू होते. ती अगदींच निराधार असते असें नाहीं. दुपारीं फरशीसुद्धां तापते, नळाचें पाणी अपुरें पडतें, आणि शाळांना सुटी लागल्यामुळें घरांतील माणसें दुप्पट होतात. परंतु वर्षांतील जे लहान लहान आनंद फारसा पैसा न वेंचतां मिळतात, त्यांतील पुष्कळसे याच दोन महिन्यांत येतात, हेंहि तितकेंच खरें आहे. रात्रीं उमलणारा मोगरा, वाळा घातलेलें माठांतील पाणी, कैरीचें पन्हें, संध्याकाळीं शिंपलेल्या मातीचा वास आणि गच्चीवरचें अंथरूण, यांपैकीं एकालाहि श्रीमंती लागत नाहीं. लागतो तो घरामागचा चार हात परस, आणि तो नसल्यास आठ-दहा कुंड्या. या परसाविषयीं व त्यापासून मिळणाऱ्या सुखाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें सुख घरांत कोणाच्या वांट्यास येतें, हा प्रश्नहि त्यांत ओघानेंच येईल, व तो टाळावा असें आम्हांस वाटत नाहीं.

उदाहरणासाठीं आम्ही सातारा व सांगली हीं दोन गांवें घेतों. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वीं सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. दोन्ही गांवें कृष्णेच्या खोऱ्यांतलीं. सणवार एक, चालीरीती एक, सोयरिकीहि परस्परांत. तरी दोहोंकडील बागा मात्र एकसारख्या नाहींत, आणि याचें कारण ठाऊक असल्यावांचून बागेंत केलेले श्रम फुकट जातात.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उतारावर वसलेला आहे. पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर असलेल्या कासच्या तलावाचें पाणी डोंगरावरून आपल्याच उतारानें या शहरास येत आलें आहे. यवतेश्वराच्या डोंगरावरील पाणीहि जुन्या काळीं गांवांतील हौदांत खेळविलेलें होतें. उताराच्या मुरमाड जमिनींत पाणी तुंबत नाहीं, म्हणून गुलाब, मोगरा, अनंत अशीं झाडें तेथें सुखानें नांदतात. परंतु तीच जमीन ओल धरून ठेवीत नाहीं. वैशाखांत दोन दिवस पाणी चुकलें कीं कोंवळी फूट मान टाकते.

सांगलीची गोष्ट उलट आहे. तेथें कृष्णाकांठची काळी जमीन. ओली असतांना ती फुगते, आणि वाळली म्हणजे तिला वीतवीत भेगा पडतात. पाऊस साताऱ्याहून पुष्कळ कमी, परंतु एकदां दिलेलें पाणी जमिनींत बरेच दिवस टिकतें. नवख्या माणसास वाटतें, ऊन एवढें कडक आहे तर पाणी सढळ हातानें घालावें. आणि येथेंच त्याची फसगत होते. निचरा झाला नाहीं तर मुळांना हवा मिळत नाहीं, व जमिनींतले क्षार वर येऊन मातीवर पांढरी पापडी धरते. कृष्णाकांठच्या उसाच्या कित्येक जमिनी अति पाण्यानें अशाच नासल्या आहेत. म्हणून सांगलीकडील परसांत वाफे थोडे उंच करावे, मातींत वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळावा, आणि बोटाचीं दोन पेरें मातींत घालून पाहावीं. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये.

वैशाखाचें खरें फूल म्हणजे मोगरा. पुष्कळ घरांतून तक्रार ऐकूं येते कीं, वेल दाट झाला पण कळी धरीत नाहीं. त्याचें कारण असें कीं, मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. थंडींत पाणी तोडून वेलाला विश्रांति द्यावी, मग जुन्या फांद्या छाटाव्या आणि बुंध्याशीं शेणखत घालून पुन्हां पाणी सुरू करावें. ज्याला कात्री चालविण्याची दया येते, त्याच्या वांट्यास नुसतीं पानें येतात. कळी तिसऱ्या प्रहरीं टपोरी होते आणि दिवस मावळल्यावर उमलूं लागते. रात्रीं उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठीं निसर्गानें हा सुगंध योजिला आहे. आपण त्यांतले बिनबोलावलेले पाहुणे. गजऱ्यासाठीं कळ्या काढावयाच्या त्या उमलण्यापूर्वीं, ऊन कलल्यावर काढाव्या. सोनचाफ्याचें तसें नाहीं. बियांपासून लाविलेला सोनचाफा फुलावयास सात-आठ वर्षें घेतो; कलमी झाड एक-दोन वर्षांतच फूल देतें. जुन्या घरांतून पांढऱ्या केसांची माणसें बी लावीत व नातवंडें फुलें वेंचीत. आतां कलमें मिळतात, म्हणून आजोबांनाहि आपल्या हातच्या चाफ्याचें फूल देवाला वाहतां येतें.

दिवसाचीं सुखेंहि यांसारखींच साधीं आहेत. चैत्र शुद्ध तृतीयेस झोपाळ्यावर बसलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत घरांत असते. तिच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हें, भिजविलेले हरभरे आणि परसांतलीं फुलें एवढाच थाट. वाळवणांचे दिवसहि हेच. पापड-कुरडयांवर बसणारे कावळे हांकण्याचें काम मुलांकडे, व त्या कामांत पापडाच्या लाट्या किती कमी झाल्या हें आजीला न विचारतांच कळतें. दुपारीं दाराला वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी मारलें म्हणजे आंत येणारी झुळूक थंड लागते. पाण्याची वाफ होतांना ती भोंवतालची उष्णता ओढून घेते, हेंच माठाचेंहि रहस्य. देशावरची हवा कोरडी असल्यामुळें हा गुण आपल्याकडे उत्तम येतो. कोंकणांतील दमट हवेंत तितका येत नाहीं, म्हणून तिकडील पाहुण्यांना आपल्या माठाचें कौतुक वाटतें.

येथवर सुखाची यादी झाली. आतां तिच्या हिशेबाची दुसरी बाजू पाहूं.

वीस झाडांची लहानशी बाग धरली आणि झाडागणिक एक कळशी पाणी धरलें, तर रोज वीस कळशा होतात. कळशींत सुमारें दहा लिटर पाणी मावतें असें मानलें, तर हें दोनशें किलो वजन झालें. तें आडांतून उपसून परसांत वाहून न्यावयाचें. साठ दिवसांच्या उन्हाळ्यांत हा आंकडा बारा हजार किलोंवर जातो. नळ व विजेचे पंप येण्यापूर्वीं हें ओझें कोणाच्या खांद्यावर होतें? कांहीं घरांत गडीमाणसें होतीं. पण मध्यम स्थितीच्या बहुतेक घरांत रहाटाची दोरी घरच्या सुनांच्या व मुलींच्या हातीं असे. आणि गंमत अशी कीं, बाग शिंपून अंगणांत गारवा आला, पुरुषमंडळी पाट टाकून किंवा झोपाळ्यावर बसून गप्पांना लागली, म्हणजे नेमकी तीच चुलीशीं बसण्याची वेळ असे. जिच्या हातांनीं मोगरा जगला, तिच्यापर्यंत त्याचा वास स्वयंपाकघराच्या खिडकींतून येईल तेवढाच. कोणी हें दुष्टपणानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. तें कोणाच्या ध्यानांतच आलें नाहीं; आणि घरांतील अन्यायांपैकीं बरेचसे अशाच रीतीनें चालत येतात.

याहून कठीण गोष्ट दुसरी आहे. पूर्वीं आपल्या समाजांतील अनेक घरांतून एखादी बालविधवा आत्या किंवा काकू असे. पहाटे उठून देवाचीं फुलें काढावीं, वेलाला मांडव करावा, कळ्या ओंजळीनें आणून सुनांना व मुलींना गजरे करून द्यावे, हीं कामें तिचीं. तिच्या स्वतःच्या मस्तकावर मात्र केस नसत, मग फुलाची गोष्ट दूरच. ज्या चैत्रगौरीची आरास तिनें मांडावी, तिच्या हळदीकुंकवाच्या वेळीं तिनें माजघरांत राहावें. वेल तिला ओळखत होता असें म्हणावें इतका तिचा त्याचा सहवास, आणि त्या वेलाच्या एका कळीवर तिचा अधिकार नाहीं!

या गोष्टीविरुद्ध ज्यांनीं लेखणी उचलली, ते आपल्याच मुलखांतले होते, हें सातारा-सांगलीकरांनीं विसरूं नये. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर यांनीं, १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढून, विधवांच्या केशवपनावर निर्भीडपणें टीका केली. सांगलीनजीक, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथें १८५५ सालीं गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकानें म्हाताऱ्याशीं कोंवळ्या मुलीचें लग्न लावण्याची चाल लोकांसमोर उभी केली. अशाच लग्नांतून घरोघरींच्या बालविधवा होत असत. केशवपन गेलें, लाल आलवण गेलें. परंतु हळदीकुंकवाच्या ताटाशीं पोंचल्यावर हात किंचित् आंखडण्याची संवय अद्यापि सर्व घरांतून गेली आहे, असें छातीवर हात ठेवून किती जणांना म्हणतां येईल?

बाग ही सर्वांच्या श्रमांनीं व सर्वांसाठीं करतां येते, याचेंहि उदाहरण याच भागांत आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांतील एका माळावर आपला कारखाना नेला. तो माळ निवडुंगानें व्यापलेला, सापांचा वावर असलेला, उजाड असा होता. पहिल्या मंडळींना निवडुंग तोडूनच राहण्यापुरती जागा करावी लागली. त्याच माळाची पुढें किर्लोस्करवाडी झाली, आणि घरांभोंवतीं फुलाफळांच्या बागा उभ्या राहिल्या. १९३० सालीं सुरू झालेलें 'स्त्री' मासिक याच वाडींतून महाराष्ट्रांतील घरोघरीं जाऊं लागलें. जमीन वाईट, पाणी थोडें, ही सबब त्या मंडळींना आपल्यापेक्षां अधिक शोभली असती.

आज वाडे पाडून तेथें इमारती झाल्या आहेत. परसाची जागा गच्चीनें किंवा सज्जानें घेतली आहे. आड बुजले, रहाट गेले, पाणी नळानें येतें. तथापि कुंड्यांना पाणी कोण घालतें, असें विचारलें तर उत्तर बहुधा पूर्वींचेंच येतें. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, पाण्याचें काम आधीं कमी करावें आणि उरलेलें वांटून घ्यावें. झाडाच्या बुंध्याभोंवतीं वाळलेल्या पानांचा चार बोटें थर दिला, तर ओल पुष्कळ टिकते. वाफ्यांत किंवा मोठ्या कुंडींत मातीचें लहान मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें व त्यावर झांकण ठेवावें. पाणी झिरपून मुळांना हळूहळू मिळत राहतें आणि डांसांनाहि जागा राहत नाहीं. तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी मोरींत न ओततां अळूला व केळीला द्यावें. आपल्या आज्यांनीं मोरीच्या तोंडाशीं अळू लाविलें तें उगीच नव्हे. राहिलेलें पाणी सुटींतल्या मुलांनीं सायंकाळीं घालावें, खत-माती पुरुषांनीं करावी, फुलें काढण्याचें काम आजोबांकडे असावें.

दुसरी सूचना याहून सोपी आहे, पण ती पाळणें कठीण जाईल. उन्हाळ्यांतील दोन महिने आठवड्यांतून निदान तीन दिवस संध्याकाळचें जेवण थालीपीठ-ताक किंवा मुगाची खिचडी इतकें साधें असावें, आणि तें करण्याची पाळी सर्वांनीं घ्यावी. मग दिवस मावळतांना अर्धा तास सगळें घर एकत्र बागेंत बसूं शकेल. 'सगळें घर' या शब्दांत जिनें एरवीं त्या वेळीं कणीक भिजविली असती, तीहि आली. आणि गजरे झाले म्हणजे घरांतील प्रत्येक स्त्रीपुढें तबक फिरावें. तिच्या कपाळीं कुंकू आहे कीं नाहीं हें पाहून तें थांबूं नये. तिला नको असेल तर ती नको म्हणेल. परंतु तो नकार तिचा असावा, घरानें तिच्या वतीनें आधींच दिलेला नसावा.

अक्षय्य तृतीयेस आळीं करून दोडका, कारलें, भोपळा यांचें बी टोंकण्याची आपल्याकडे चाल आहे. वळिवाची एखादी सर आली तर रोप लवकर वर येतें. न आली तर मृगापर्यंत पाणी घालून तें जगवावें लागतें. येत्या अक्षय्य तृतीयेस आमच्या वाचकांनीं आळीं करण्यापूर्वीं घरांतील सर्वांना एकत्र बसवावें, व पाण्याची पाळी कोणत्या दिवशीं कोणाची हें एका कागदावर लिहून माठाजवळ लावावें. त्या कागदावर घरांतील कर्त्या पुरुषाचें नांव पहिलें असावें, एवढीच आमची विनंति आहे.