शर्यत तीच, नियम थोडे वेगळे: शाळेच्या ट्रॅकवर प्रत्येक मूल कसं धावू शकतं?

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या क्रीडा महोत्सवांचे दिवस. मैदानावर फक्की पडते, हीट्सच्या याद्या लागतात. या याद्यांत वर्गातल्या दिव्यांग मुलाचं नाव बऱ्याचदा नसतं. त्याला बक्षिसांच्या टेबलाजवळ बसवलं जातं किंवा शेवटी एक 'विशेष शर्यत' ठेवून सगळ्यांना सारखी पदकं दिली जातात. हेतू चांगलाच असतो, पण त्या मुलाला खरीखुरी शर्यत मिळत नाही.

खरं तर यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. पॅरा अ‍ॅथलेटिक्सचे नियम तयार आहेत आणि त्यातले बरेचसे शाळेला परवडणारे आहेत.

शाळेवर हे बंधनकारक आहे का?

हो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबर खेळाचीही इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची आहे. म्हणजे मान्यताप्राप्त खासगी शाळाही यात आल्या. 'आमच्याकडे तशी सोय नाही' हे उत्तर पालकांनी मुकाट्याने ऐकून घ्यायचं कारण नाही.

दिसत नसेल तर लेनमध्ये कसं धावायचं?

दोरी धरून. पूर्ण अंध धावपटूंच्या टी-११ गटात प्रत्येकासोबत एक गाइड रनर धावतो. दोघांच्या हातात एकच छोटी दोरी असते. तिची लांबी जास्तीत जास्त ३० सेंटीमीटर, म्हणजे कंपासपेटीबाहेरच्या मोठ्या पट्टीएवढी. जोडीला दोन लेन मिळतात, त्यामुळे आठ लेनच्या ट्रॅकवर एका वेळी चारच जोड्या धावतात. या गटात सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे कुणाला किंचित उजेड जाणवत असला तरी फायदा मिळत नाही. गाइडने खेळाडूला ओढायचं नाही आणि त्याच्या आधी अंतिम रेषाही ओलांडायची नाही.

हे नियम किती कडक आहेत, ते २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दिसलं. स्पेनची एलेना काँगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषा काही मीटरवर असताना तिचा गाइड कोलमडू लागला. त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि ती बाद ठरली. कांस्यपदक गेलं. शाळेत एवढं कडक होऊ नये, हे माझं मत. पण 'गाइड मागे, खेळाडू पुढे' हा नियम मात्र पाळायलाच हवा, नाहीतर शर्यत गाइडची होते.

गाइड कोण? त्याच वर्गातला, थोडा जास्त वेगवान मित्र. दोघांचे हात आणि पावलं एका लयीत यायला वेळ लागतो, म्हणून सराव काही आठवडे आधीच सुरू करायचा. गाइड मिळत नसेल तर मैदानाच्या कडेने कमरेच्या उंचीवर ताणून दोरी बांधायची, त्यात सैल कडी सरकवायची आणि कडी धरून मुलाने पळायचं. शेवटच्या खांबाच्या बऱ्याच आधी दोरीला जाड गाठ हवी, थांबण्याची खूण म्हणून. आणि कृपा करून तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. त्या मुलाला कानांवरच धावायचं असतं.

ऐकू येत नसेल तर?

शिट्टी किंवा पिस्तुलाबरोबर झेंडा खाली आणायचा, बाकी सगळं तेच. डेफलिंपिक्समध्ये यासाठी रंगीत दिवे वापरतात.

हात, पाय किंवा व्हीलचेअर

नाशिक जिल्ह्याचा दिलीप गावित आठवतो? लहानपणी एक हात गमावलेल्या दिलीपने ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटर टी-४७ गटात ४९.४८ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. भारताचं ते त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. अशा खेळाडूंना स्टार्टच्या वेळी हाताखाली पॅड ठेवता येतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना वाकून स्टार्ट घेण्याची सक्ती नसते, ते उभ्याने सुरू करू शकतात.

रेसिंग व्हीलचेअर हे तर यंत्रच वेगळं. तीन चाकं, मागची दोन तिरकी, गिअर नाहीत. वळण आलं की खेळाडू एका छोट्या दांड्यावर फटका मारतो, पुढचं चाक ठरावीक कोनात वळतं. वळण संपलं की उलटा फटका. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला हे बघत बसावंसं वाटतं. शाळेला मात्र याची गरज नाही. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये व्हीलचेअरची २५ मीटरची सरळ शर्यत असते, ती नेहमीच्या चेअरवर घेता येते. अडचण जमिनीची आहे. मुरमाच्या मैदानात चाकं रुततात, त्यामुळे ही शर्यत बास्केटबॉल कोर्टवर किंवा काँक्रीटच्या पट्ट्यावर ठेवलेली बरी.

सगळ्यांचा वेग वेगळा, मग निकाल कसा?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्सची पद्धत इथे कामाची आहे. आधी चाचणी शर्यत घेऊन वेळ नोंदवतात, मग जवळपासच्या वेळेच्या खेळाडूंचा एक गट करतात. गटातल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ खेळाडूत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. म्हणजे कुणी २० सेकंदांत पळत असेल तर त्याच्या गटात २३ सेकंदांपर्यंतची मुलं. इथे पहिला नंबर खरोखर मिळवावा लागतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत मानेच्या मणक्यांबद्दल आधी डॉक्टरांना जरूर विचारा.

एकत्र धावता येईल?

येतं. टोकियो पॅरालिम्पिकपासून ४×१०० मीटर 'युनिव्हर्सल रिले' सुरू झाली. दोन मुलगे, दोन मुली; आधी दृष्टिबाधित, मग हात किंवा पाय गमावलेला, मग सेरेब्रल पाल्सी असलेला आणि शेवटी व्हीलचेअरवरचा खेळाडू. बॅटन नाही, फक्त स्पर्श. शाळेत हीच रिले ४×२५ मीटरची करा, संघात दिव्यांग आणि बाकीची मुलं मिसळा. व्हीलचेअरच्या बाजूची लेन रिकामी ठेवा. आणि नाव नोंदवायच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: 'धावताना तुला काय लागेल?' हे उत्तर पीटीच्या सरांपेक्षा मुलाला जास्त नीट माहीत असतं.