छत्तीस गुण जुळले, रक्ताचं काय?

वाचकहो, खमीस म्हणजे गुरुवार. गुरुवारच्या बाजारावरून नाव पडलेलं खमीस मुशैत असीरच्या डोंगरात, सुमारे २००० मीटर उंचीवर वसलंय. हवा छान, पण सिकलसेलच्या रुग्णाला हीच विरळ हवा त्रासाची ठरू शकते. प्राणवायू कमी पडला की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात.

सौदीच्या पूर्व आणि नैऋत्य भागांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. म्हणून २००४ पासून इथे लग्नाआधी सिकलसेल व थॅलेसेमियाची रक्ततपासणी सक्तीची झाली. अहवालात धोका दिसला तरी लग्न करायचं की नाही, हे त्या दोघांनीच ठरवायचं. डॉक्टर अहवाल सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतात आणि मनातली शंका विचारली जाते ती सिस्टरला! या सिस्टर्समध्ये आपल्या भारतीय भगिनी पुष्कळ.

अशा वेळी तिला तीन गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत. एक, वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. एकच सदोष जनुक असलेला माणूस सहसा ठणठणीत असतो. दोन, आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब चूक. दर खेपेला फासा नव्याने पडतो. तीन, रुग्ण मुलाला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळतं. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. एवढं समजावलं तरी एखादा संसार मोडता मोडता वाचेल.

'हे अरबांचं दुखणं, आपल्याला काय?' असं मात्र म्हणू नका. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारला सिकलसेल आहेच. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. गंमत म्हणजे पूर्व सौदीतल्या आणि भारतातल्या सिकलसेलची जनुकीय घडण एकच. शास्त्रज्ञ तिला 'अरब-इंडियन' म्हणतात. या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही जास्त टिकतं, त्यामुळे आजार बरेचदा सौम्य राहतो. असीरकडे मात्र आफ्रिकेतल्या बेनिनच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार अधिक. जानेवारी २०२४ मध्ये सौदीने मान्य केलेली 'कॅसजेव्ही' उपचारपद्धतीही रुग्णाच्या मूळपेशींत जनुकीय बदल करून तेच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. पण ती अतिशय महाग. त्यामानाने लग्नाआधीची तपासणी किती स्वस्त!

तेव्हा मंडळी, सुट्टीत गावी जाऊन मुलामुलींची स्थळं बघाल, तेव्हा पत्रिकेबरोबर हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसचा किंवा एचपीएलसीचा अहवालही मागा. मामेबहीण-आतेभावाचं लग्न असेल तर आवर्जून. आणि अहवाल कळला नाही तर ओळखीतल्या सिस्टरला बिनदिक्कत विचारा.